परत आलेला खण

समुद्राची ओटी भरायला मी आयुष्यात एकदाच गेले आणि त्याने ती भर दुपारी माझ्याच तोंडावर परत फेकली. आमच्या मळ्यांवरच्या बायकांत एवढा मोठा अपमान दुसऱ्या कुणाचा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानाने पोरच, आणि पोरीला असावी तेवढीच अक्कल मला होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेक लग्न होऊन ऑस्ट्रेलियात, पर्थला गेली होती. जावई तिकडे खाणीच्या कंपनीत इंजिनिअर. लेकीला दिवस गेल्याचा फोन आला आणि मी रिसीव्हर ठेवायच्या आत जाहीर करून टाकलं, की पहिलं बाळंतपण माहेरी, नाशिकलाच होणार आणि मी स्वतः जाऊन तिला घेऊन येणार. मालिशवालीला सांगून ठेवलं. पाळण्याला रंग दिला. धुरीची शेगडी माळ्यावरून खाली काढून घासली. आमचे हे गुलछडीच्या जुड्या बांधत होते, ते मान वर न करता म्हणाले, “तिला विचारलंस का?” मी म्हटलं, माहेरी यायला विचारायचं काय असतं? केवढी हुशार होते मी.

बेत सोपा होता. लेकीला सातवा लागला होता. आठवा सरला की विमानवाले घेत नाहीत, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. तेवढ्यात तिला वळवायची आणि शेजारच्या खुर्चीत बसवून आणायची. बरोबर डिंकाचे लाडू, सुकं खोबरं, सुपाऱ्या आणि दोन खण घेतले, एक हिरवा लेकीच्या ओटीसाठी आणि एक मोरपिशी, असावा जवळ म्हणून. पर्थच्या विमानतळावरच्या बाईने हातमोजे घालून माझा एक लाडू उचलला, उजेडात धरला, आणि सगळा डबा काढून घेतला. खण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या तेवढ्या सुटल्या.

पंधरा दिवस मी लेकीच्या मागे होते. सकाळी चहाबरोबर, दुपारी भाजी निवडताना, संध्याकाळी तिचे पाय चेपता चेपता. ती दर वेळी “बघू गं” म्हणायची. ती ‘हो’ म्हणायच्या बेतात आली, असं मी दर रविवारी फोनवर नाशिकला कळवत होते.

मग जावयांनी टूम काढली, की आईंना दोन दिवस फिरवून आणू. उत्तरेला सहा-सात तासांवर एक राष्ट्रीय उद्यान आहे, आत नदीने कोरलेल्या खोल घळी आहेत आणि दुसऱ्या अंगाला समुद्रात उतरलेले उभे कडे. उद्यान म्हटल्यावर मला कारंजं, झोपाळा आणि भेळ एवढंच डोळ्यांसमोर आलं. पण समुद्र म्हटल्यावर कान टवकारले. मी विचारलं, कुठला समुद्र? जावई म्हणाले, हिंदी महासागर. म्हणजे आपलाच की. माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला. लेक ऐकत नाही ना, मग समुद्राची ओटी भरायची आणि त्यालाच सांगायचं, की हिला माझ्याबरोबर पाठव.

ओटीला नारळ हवा. तिथल्या दुकानात नारळ मिळाला, पण तासून गुळगुळीत केलेला, शेंडी नाही, डोळे उघडे, आणि पोटावर फोडायला सोपं जावं म्हणून करवतीची रेघ. शेंडी नसलेला नारळ देवापुढे कसा ठेवायचा? मी पार्सलाच्या सुतळीची शेंडी करून गोंदाने चिकटवली. लेक बघून इतकी हसली, की पोट धरून खाली बसली. एवढी सगळी तयारी कशाला, ते मी काही बोलले नाही. समुद्र पहिल्यांदाच बघतेय तिकडचा, म्हणून, इतकंच सांगितलं.

पहिल्या दिवशी घळी पाहिल्या. लालभडक दगडाचे थर, पुस्तकं रचून ठेवावीत तसे, आणि खाली खूप खोल नदीचं हिरवट वळण. माश्या इतक्या, की डोक्यावरून जाळी घ्यावी लागली. नऊवारीवर बूट आणि तोंडावर जाळी अशी मी चालले होते, आणि मला वाटत होतं लोक माझ्याकडे कौतुकाने बघताहेत. वाटभर माझं चालू होतं, आमच्या वणीच्या गडापुढे हे काहीच नाही, त्या पायऱ्या मी उपाशीपोटी चढलेय. वाटेच्या दोन्ही कडांना रानफुलं फुललेली, जांभळी, पिवळी, केसाळ, कधी न पाहिलेली. माझा जन्म फुलं तोडण्यात गेला. हात आपोआप गेला.

“आई, हात मागे,” लेक म्हणाली. “इथे तोडायची नसतात.”

मी म्हटलं, एवढा माल नुसता वाया जायचा? त्यावर जावयांनी फुलांचं चित्र काढून त्यावर काट मारलेली पाटीच दाखवली. पुढचा सगळा रस्ता मी हात मागे बांधून चालले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

पुढे दगडातच एक मोठी खिडकी पडली आहे, तिच्यातून नदी दिसते. तिथवर जायला कड्याच्या काठाने वाट. मी दोन पावलं टाकली, खाली बघितलं आणि मटकन बसले. वणीच्या पायऱ्यांना कठडा असतो आणि पुढे-मागे माणसांची गर्दी असते, हे तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. लेक पोट सावरत परत आली, हात पुढे केला आणि म्हणाली, खाली बघू नकोस, माझ्या टाचांकडे बघ. तिच्या टाचा बघत मी परत आले. लहानपणी तिला गडावर मी हेच सांगायचे.

दुसऱ्या दिवशी समुद्र. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, टोकाला कठडा घातलेला. जावई गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले. नारळ टाकायचा नाही, खाली कुणी असेल, काहीही टाकायचं नाही, नुसता नमस्कार कर, असं लेकीने दोनदा बजावलं होतं. मी नारळ कठड्याच्या पायाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि ती केस बांधायला वळली तेवढ्यात मोरपिशी खणात उरलेलं कुंकू आणि चिमूटभर तांदूळ ठेवून, पुटपुटत, दिला सोडून.

घाटमाथ्याजवळची बाई मी. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं, हे मी पन्नास वेळा पाहिलेलं. पण ऐन वेळी आठवेल तर ती अक्कल कसली. खण दोन हात खाली गेला, उघडला, फुगला आणि भसकन वर येऊन माझ्या तोंडाला गुंडाळला. कुंकू डोळ्यांत, तांदूळ पोलक्यात. तोंडावरून खण काढला तेव्हा समोर लेक उभी. ती हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं, की हिला कळलंय.

“काय मागितलंस त्याच्याकडे?”

“तुला माझ्याबरोबर घरी पाठव म्हटलं.”

ती माझ्याच पदराने माझं कपाळ पुसत राहिली. मग म्हणाली, “समुद्राला विचारलंस. मला एकदा तरी विचारलंस का, आई? आल्यापासून नुसतं सांगतेयस.”

यांचं गुलछडी बांधतानाचं बोलणं मला तेव्हा, त्या कड्यावर, आठवलं. उशिराच. मी कठड्याला घट्ट धरलं आणि विचारलं, “येतेस का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “मी तिकडे आले की तू मला ताटावरून उठू द्यायची नाहीस. बाळाला न्हाऊ तू घालशील, रात्री तू उठशील. मग तीन महिन्यांचं मूल घेऊन मी इथे येईन आणि मला त्यातलं काहीच येत नसेल. इथे माझ्याजवळ कुणी नाही. मला लय भीती वाटते त्याची.” पर्थला गेल्यापासून तिच्या तोंडी ‘लय’ आला नव्हता. “तू थांब. माझ्याकडून करून घे. तू हात मागे बांधून बस.”

कबूल करते, मला पहिल्यांदा आठवली ती मालिशवाली. आता मळ्यांवर काय तोंड दाखवू, हा विचार आधी आला आणि लेकीचा नंतर. पण आला. मी म्हटलं, बसेन. बोलेन मात्र. ती म्हणाली, बोलायचं तर तू थांबवूच शकत नाहीस.

तेवढ्यात जावई बाटली घेऊन आले. सासूचं लालभडक तोंड बघून घाबरले, पडल्या की काय म्हणून. लेकीने सांगितलं, आईला समुद्र भेटला.

रविवारी यांचा फोन आला, कधी येताय दोघी? मी म्हटलं, मी एकटीच, तेही व्हिसा संपल्यावर. मग मालिशवालीचं काय करू? म्हटलं, तुमचे गुडघे चोळून घ्या. फोनवर बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. त्या नारळाच्या आम्ही वड्या केल्या, सुतळीची शेंडी काढून.

नात झाली. पहिल्या दिवशी लेकीने तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाणी निम्मं तिच्या अंगावर, निम्मं माझ्या. मी हात मागे बांधून बसले होते आणि जिभेने सगळं न्हाऊ घालून झालं होतं. महिन्याभरात माझ्या जिभेलाही काम उरलं नाही. मग रिकामपणी त्या मोरपिशी खणाची कुंची शिवली. अंदाज असा चुकला, की कुंचीत नात शोधावी लागे. लेक म्हणाली, राहू दे, वाढेल त्यात.

मी नाशिकला आल्यावर चार-पाच महिन्यांनी पाकिटातून फोटो आला. कुंची बरोब्बर बसलेली, आणि कपाळावर येणाऱ्या कडेला कुंकवाचा फिकट डाग. मी फोन करून विचारलं, धुतली नाहीस का गं? लेक म्हणाली, बाकीची धुतली, तेवढा कोपरा भिजवला नाही.