शिळी यादी

आमचा धाकटा भाऊ जन्माचा उतावळा. दूध तापेपर्यंतसुद्धा दम निघायचा नाही. नशिबाने कामही तसंच मिळालं: हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरचे फॉर्म झटपट उघडतील असं बघायचं.

पेशंटच्या नोंदणीच्या फॉर्मवर डॉक्टर, वॉर्ड, गाव, बेड अशा याद्या असतात. बाणावर क्लिक केलं की खाली उघडतात. पूर्वी दर फॉर्मला सगळ्या याद्या तळघरातल्या मोठ्या मशीनकडून नव्याने यायच्या आणि तोवर रांग शिव्या घालायची. धाकट्याने त्या रोज सकाळी एकदाच आणून काउंटरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या. फॉर्म असा फाडकन उघडायला लागला! साहेबांनी पाठ थोपटली, स्वारी हवेत.

पण गावं काही रोज बदलत नाहीत, बेड तासातासाला बदलतात. ती यादी दर वेळी ताजीच हवी, हे त्याला कळत होतं. साहेबांना म्हणालाही, "एवढी एक थोडी हळू येऊ द्या."

"आत्ता कुठे रांग हललीय, परत रडगाणं नको," साहेब म्हणाले.

माझ्याशी शब्दाला शब्द भिडवणारा मेला, तिथे मूग गिळून बसला. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला. मला अजून संताप येतो.

त्याच आठवड्यात मामांच्या छातीत कळ आली. मामी त्यांना घेऊन त्याच काउंटरवर गेली. यादीत बेड नव्हता. दुसऱ्या हॉस्पिटलला नेताना वाटेतच सगळं संपलं. धाकटा त्या वेळी एक जिना खाली चहा पीत होता. मामीने त्याला फोन केला नाही. "कामात असेल पोर, कशाला त्रास," म्हणे.

संध्याकाळी त्याने मशीनमध्ये पाहिलं. मामा यायच्या आधी, दुपारीच एक बेड रिकामा झाला होता. सकाळच्या यादीत भरलेला, म्हणून काउंटरवर दिसलाच नाही. साहेबांना न विचारता त्याने ती यादी तिथल्या तिथे दर वेळी ताजी येईल अशी केली. आता काय उपयोग!

मामी येईल त्याला एकच सांगायची, "पोराला फोन केला असता तर बेड मिळाला असता. मीच त्यांना मारलं." धाकट्याला ते ऐकवेना. शेवटी मला घेऊन तो तिच्याकडे गेला आणि यादीचं सगळं सांगून टाकलं. "मामी, चूक तुझी नाही. माझी आहे."

मामीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी फोन केला असता, तर तू बेड दिला असतास?"

दिला असता. थेट मशीनमध्ये बघून दोन मिनिटांत दिला असता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली.

"नाही मामी," तो म्हणाला. "मलाही तीच यादी दिसली असती. काही उपयोग नव्हता."

मामीने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मग यात तुझा तरी काय दोष रे, बाळा?"

शिव्या खायला गेलं होतं ते पोर. आता कुणाकडे जाऊन खाणार?