धोंडप्पांचा हळू आवाज

पूर्णेचे किराणा दुकानदार धोंडप्पा म्हणजे तोफच. घरात पाणी मागितलं तरी गल्लीला ऐकू जायचं. रझाकारांच्या धास्तीच्या वर्षी त्यांनी ठरवलं, बाहेर भीती आहे, तर घरात तरी लेकरांवर ओरडायचं नाही. त्या दिवसापासून ते अगदी हळू, गोड बोलू लागले. पण लेकरं जेवेनात, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसू लागली.

धोंडप्पा चक्रावले. बायकोला म्हणाले, "मल्लम्मा, आता तर मी रागवत बी न्हाई. मग हे भ्यायलेत कशाला?"

धाकटी उमा आईच्या पदराआडून म्हणाली, "अप्पा, रझाकार आलेत का? लोकं तवाच असं हळू बोलतेत."

तसे धोंडप्पा गरजले, "जेवा की, गधड्यांनो!"

लेकरं पटापट ताटावर बसली. भाकरी मोडत उमा म्हणाली, "अप्पा, उद्याबी असंच वरडा."