ट्रामवाला जावई

"परत एकदा. सावकाश."

हे म्हणताना तो उजवा तळहात टेबलावर टेकवायचा आणि हळूहळू दाबायचा. आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस, समोरच्याच्या बोलण्यालाही ब्रेक लावायची त्याला सवय असावी. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं. 'बाई, पुढे चला' म्हणणारी मुलं ढिगानं पाहिली. मागे चला म्हणणारा विद्यार्थी मात्र मला निवृत्तीनंतर मिळाला, आणि तोही चेक देशातला, पन्नाशी उलटलेला, माझ्या दारातून वाकून आत येणारा.

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत तो पहिल्यांदा आला तेव्हा वॉचमननं त्याला थेट माझ्याकडे आणून सोडलं. गेटवर माझी शिकवणीची पाटी आहे, आणि गोऱ्या माणसाचं काय करायचं ते वॉचमनला सुचेना. त्याच्या हातातल्या कागदावर बी विंगमधल्या काकूंचा पत्ता होता. तो वाचून मी आधी दार लावून घेतलं आणि मग त्याला बसायला सांगितलं.

कारण हा कोण, ते मला लगेच कळलं. काकूंची एकुलती एक मुलगी शुभदा नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिथल्याच एका ट्राम चालवणाऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुलगी फोन करायची, काकू वाजू द्यायच्या. वर्षं अशीच गेली. गेल्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी फोन करून ती आजारपणात गेल्याचं सांगितलं. काकूंनी अंघोळ केली, सुतक पाळलं आणि चौथ्या दिवशी नेहमीसारख्या खाली बाकावर येऊन बसल्या. कुणाची काही विचारायची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तिचे शेवटचे दिवस कसे गेले, ते तिच्या आईला मला सांगायचं आहे. मी स्वतः. तिच्या भाषेत. मध्ये दुसरं कुणी नको. तोवर त्यांना मी आलोय हे कळू देऊ नका."

"मी येते की बरोबर. तुम्ही सांगा, मी मराठीत सांगते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

पहिल्या दिवशी मी रीतसर 'माझं नाव अमुक, मी अमुक गावी राहतो' इथून सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं आणि पुस्तक बाजूला सारलं. त्याला हवे होते ते शब्द वेगळेच होते. खाट. खिडकी. ताप. झोप. दुखणं. एकेक शब्द तो तोंडात घोळवायचा, तळहात दाबायचा, परत एकदा म्हणायचा. वाक्य करून देऊ का विचारलं तर म्हणायचा, "शब्द तुमचे. वाक्य माझं." ती वाक्यं त्यानं मला कधी दाखवली नाहीत. एरवी माझा स्वभाव असा, की चुकलेलं वाक्य पाहिलं की हात शिवशिवतो. पण इथे मी ती बघायला मागितली नाहीत.

तो गावठाणात एका ख्रिस्ती कुटुंबाकडे खोली घेऊन राहिला होता. त्यांचं घरातलं बोलणं मराठीच, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण त्याची तक्रार वेगळी होती. रिक्षावाल्याशी मराठी बोललं की उत्तर हिंदीत, दुकानात बोललं की इंग्रजीत. "बाई, मुंबईत मराठी कुठे मिळते?" असं त्यानं मला फार गंभीरपणे विचारलं. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. मी त्याला मासळी बाजारात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो बोंबलांची भलीमोठी पिशवी घेऊन हजर. चेहरा उजळलेला. "कोळीण मला ओरडली," तो म्हणाला. "खूप ओरडली. सगळं मराठीत."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काय रे, नुसता बघतोस काय, घे ना." आणि लगेच माझ्याकडे वळून, "काय रे बाई, बोंबील घे ना."

मी खूप दिवसांनी पोटभर हसले. नंतर त्याला 'तू' आणि 'तुम्ही' समजावलं, मोठ्यांच्या घरी कसं जायचं तेही सांगितलं. चप्पल बाहेर. नमस्कार वाकून. आणि कुणाकडेही रिकाम्या हातानं जायचं नाही. त्यानं हे मनावर घेतलं.

संध्याकाळी बाकावर काकूंशेजारी बसणं मला जड जाऊ लागलं होतं. त्या भाजीच्या भावाबद्दल बोलायच्या, मी हूं हूं करायची. आत सारखं वाटायचं, की हा माणूस वर जाईल आणि काकू दार लावून घेतील. फोन उचलला नाही त्या बाईनं दार तरी का उघडावं?

एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "आज." मी बरोबर यावं, पण बोलू नये, तो चुकला तरी बोलू नये, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी घोटलेली होती आणि हातात होता पेढ्यांचा पुडा.

 मुलगा झाला, परीक्षा पास झाली, नोकरी लागली की आपण पेढे नेतो. मुलीच्या मरणाची हकिकत सांगायला पेढे घेऊन जाणारा माणूस आपल्यात जन्माला यायचा आहे. मी तो पुडा काढून घेणार तेवढ्यात त्यानं बेल वाजवलीसुद्धा.

काकूंनी दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडेच पाहिलं. तो वाकला. दोन्ही हातांनी पुडा पुढे केला आणि म्हणाला, "मी शुभदाचा नवरा. मी ट्राम चालवतो."

 काकू पुडा घेऊन आत गेल्या. फेकून देताहेत असं मला वाटलं. पण आतून देव्हाऱ्यातली घंटी वाजली. त्या बाहेर आल्या, एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावई पहिल्यांदा घरी आलाय. तोंड गोड करायला नको?"

मग तो बोलला. तळहात मांडीवर दाबून, थांबत थांबत बोलला.

"शुभदा दवाखान्यात. खिडकीजवळ खाट. बाहेर बर्फ. शेवटी दोन दिवस ती फक्त मराठी बोलली. माझ्याशी नाही. तुमच्याशी. आई, आई, आणि मग खूप बोलली. प्रश्न विचारला. मला कळत नाही. मला मराठी एकच शब्द येतो, तिने शिकवला. हो. ती विचारली, मी हो म्हटलं. परत विचारली, मी हो म्हटलं. मग ती हसली. मग झोप. ते बोलणं तुमचं होतं. मी ऐकलं, तुम्ही नाही. माफ करा."

मी भिंतीकडे बघत बसले होते. त्या वाक्यांतली एकही चूक दुरुस्त करावी असं मला वाटलं नाही.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगी गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "परत सांग. सावकाश." त्यानं परत सांगितलं, पहिल्यापासून, त्याच शब्दांत.

ऐकून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी तिला कशालाच हो म्हटलं नाही गं. शेवटी यानं म्हटलं. बरं झालं, याला तेवढंच येत होतं."

तो परत गेला त्याला आता काही महिने झाले. त्याची खुर्ची मी अजून टेबलापासून हलवलेली नाही. तो उठताना ती जशी मागे सरकवायचा तशीच ती आहे. दर रविवारी तो काकूंना फोन करतो. शिकवायला मी समोर नसल्यामुळे त्याचं मराठी आता भलतंच सुटलं आहे. काकू बाकावर बसून फोन कानाला घट्ट धरतात. निम्मं बोलणं कळत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.

तरी पलीकडून काही विचारल्यासारखं झालं, की त्या लगेच म्हणतात, "हो. हो रे. हो."