चौथ्या गाडीचे दोन अर्धे

गायकवाड काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचे. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याचे पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा एका हाताने पेढा तोंडात टाकत दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी माझ्या नव्या ड्रॉइंग बोर्डाच्या कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "रंधा घाईत मारलाय. असू दे, तुला काही त्याच्यावर झोपायचं नाही." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बोर्डाच्या कडेबद्दल कुणाला मत असू शकतं, हेच मला नवीन होतं.

येरवड्यात आमची आणि त्यांची भिंत एक. काका एका मोटार कारखान्यात पॅटर्नमेकर होते. जो भाग लोखंडात ओतायचा, त्याचा लाकडी नमुना आधी त्यांनी करायचा आणि त्यावरून वाळूत साचा पडायचा. पुढे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा होती ना," ते सांगायचे, "फक्त माझी नव्हती."

त्यांच्या शोकेसमध्ये तीन सागवानी गाड्या होत्या, प्रत्येक हातभर लांब. ट्रॅक्टर बनवणारी एक इटालियन कंपनी पुढे शर्यतीसारख्या गाड्या बनवू लागली, तिच्या बोधचिन्हात बैल आहे, हे मला काकांकडूनच कळलं. त्यांनी त्या गाड्या प्रत्यक्ष कधीच पाहिल्या नव्हत्या. बुधवार पेठेत जुनी परदेशी मासिकं मिळायची, त्यातली चित्रं आणि मापं हीच त्यांची ओळख. पहिली मिउरा, सत्तर सालाच्या आधीची. तिचं इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं, याचं काकांना फार कौतुक. दुसरी काउंटाश. "हिच्या माणसानं सुताराची पाचर बघितली असणार," असं ते म्हणायचे. तिची दारं बाजूला न उघडता वर जायची. "आपल्या बोळातसुद्धा उघडली असती. सगळ्या जगात एकानंच आपला विचार करून गाडी काढली." तिसरी, रुंद खांद्यांची डियाब्लो. ती त्यांनी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वर्षात केली.

काकू मात्र पाहुण्यांना सांगायच्या, "दारात सायकल पंक्चर, आणि घरात इटली."

मी दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा काकांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला आणि डावाही जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा.  घरी येऊन रिक्षातून उतरल्यावर काका मला म्हणाले, "कॉलेजात तुमच्याकडे ते इंटरनेट आहे ना? त्या कंपनीची नवी गाडी निघाली म्हणतात. बघ बरं."

कर्वेनगरला कॉलेजच्या लॅबमध्ये रांगेत उभं राहून मी त्या नव्या गाडीचे, मुर्सिएलागोचे, प्रिंटआउट काढले. वाचून दाखवताना सांगितलं, की हे एका बैलाचं नाव आहे. इतक्या तलवारी झेलून तो उभा राहिला, की लोकांनी त्याला मारू दिलं नाही, अशी गोष्ट आहे.

"सोडला त्याला?"

"हो."

"मग हीच करायची. आणि माझं दिसणं आहे तोवर करायची."

पॅटर्नमेकर नमुना मधोमध चिरून दोन अर्ध्यांत करतात आणि खुंट्यांनी जोडतात. काकांनी गाडीही तशीच घेतली. डावा अर्धा त्यांनी डोळा लाकडाला टेकवल्यासारखा धरून पूर्ण केला. दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. उजवा अर्धा राहिला होता. "तू आख," ते म्हणाले. "रेघ खोल मार. मी बोटानं वाचीन."

मी प्रिंटआउटवरून काढलेली मापं मोठ्यानं वाचायची आणि सुरीने लाकडावर रेघा कोरायची. काकांची पोलादी पट्टी गंजलेली होती, आकडे पुसट झालेले. म्हणून मी माझी घेतली, कॉलेजची, नवी कोरी. त्यांना सांगावं असं वाटलं नाही. ते पटाशी चालवायचे आणि चार वेळा चालवली की थांबून अंगठ्याने चाचपायचे. कधीकधी चाकाच्या कमानीशी त्यांचा अंगठा थबकायचा. मला वाटायचं, दमले.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी दोन्ही अर्धे जुळवले. काकू चहा घेऊन उभ्या होत्या. नाकाशी दोन्ही सारखे लागले. काकांचा अंगठा नाकावरून काचेवर गेला, टपावर गेला, शेपटीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"आखलंस कुठल्या पट्टीनं?"

"माझ्या."

"माझी आण."

दोन्ही पट्ट्या त्यांनी शेजारी धरल्या, एक टोक जुळवलं. दुसऱ्या टोकाला त्यांची पट्टी थोडी पुढे होती. तरी त्या टोकाला तीसचाच आकडा दोन्हींवर होता. ती ओतशाळेची पट्टी होती. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना साधारण एका टक्क्याने मोठा करावा लागतो आणि ती वाढ तिच्या रेघांमध्येच धरलेली असते. काकांनी जन्मभर तिच्याशिवाय दुसरी पट्टी वापरली नव्हती. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपच्या पेपरात याच वाढीवर मी अर्धं पान लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते. ती पट्टी चार महिने माझ्या गुडघ्याशी पडून होती, आणि मी ती ओळखली नाही.

"काका, मी परत आखते. डावा थोडा तासला तर..."

"कुठून तासशील? तो सगळीकडूनच मोठा आहे." मग म्हणाले, "आख हवं तर. लाकूडही मिळेल. कापणार कोण, तू?"

मला रंधासुद्धा धरता येत नव्हता. मी रडायला लागले तशा काकू म्हणाल्या, "अहो, बोला काहीतरी, पोर रडतेय."

"तुझी पट्टी खरी आहे गं," काका म्हणाले. "माझीच ओतशाळेची. माझ्या चारी गाड्या मोठ्याच. आणि मला तरी त्या कुठे ओतायच्या होत्या!"

त्यांनी दोन्ही अर्धे तसेच सरसाने चिकटवून घेतले. पुन्हा पटाशी हातात धरली नाही. दुपारी ते दारात बसायचे, मांडीवर हात पालथे ठेवून. मी कॉलेजातून येताना जय भीम घातला की विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी सांगायचे. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढता आला नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना ते गेले.

आता मी आयटी कंपनीत आहे. स्क्रीनवर एखादा आकार एका टक्क्याने वाढवायचा तर एक आकडा टाकावा लागतो. परवा काकूंकडे गेले होते. त्यांनी चौथी गाडी शोकेसमधून काढून माझ्या हातात दिली आणि आत चहा टाकायला गेल्या. मी जोडावर अंगठा ठेवला आणि नाकापासून निघाले. काचेपर्यंत काहीच लागत नाही. टपावर केसाएवढं लागतं. शेपटीशी तांदळाच्या दाण्याएवढी पायरी आहे. काकूंचा आवाज येईपर्यंत माझा अंगठा तिथेच होता.