तांबड्या ओळींची वही

पौर्णिमाताई संगणक चालू करायच्या आधी वही उघडायच्या, तारीख घालायच्या आणि शेजारी तांबडं पेन ठेवायच्या. दिवसभरात पडद्यावर जो जो तांबडा संदेश येई तो शब्दाला शब्द उतरवून खाली कारण लिहायच्या. लोधिवलीच्या त्या गोदामात बाकीचे लोक रिकाम्या रकान्यात काहीतरी भरून संदेश घालवत.

त्या सोमवारी बुधी कामाला आली. माथेरानच्या डोंगरउतारावरच्या ठाकूरवाडीतली. गेटपास संगणकातून निघे, आणि दोनच्या पाळीआधी तो निघाला नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. पौर्णिमाताईंनी फॉर्म भरला. 'आवश्यक माहिती भरलेली नाही.' कुठली, ते काही नाही. त्यांनी पूर्वीचा एक पूर्ण फॉर्म शेजारी उघडला आणि बोट ठेवत एकेक रकाना ताडून पाहिला. दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडला: अडचणीत कळवायचा फोन नंबर.

बुधीकडे फोन नव्हता. वाडीवर कुणाचाच लागत नव्हता.

"निलेशचा टाका की ताई," व्यवस्थापक जितेश म्हणाला. निलेश म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार. "एकशेचाळीस जणांना तोच हाय."

"काळूरामच्या फॉर्मवर मीच टाकला होता तो. परत नाय टाकणार."

काळूरामचा हात माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यात सापडला तेव्हा दवाखान्यानं निलेशला फोन लावला होता. तो एका लग्नात होता. काळूरामच्या बायकोला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजीवालीकडून.

वाडीवर सांगावा कसा पोचतो, असं त्यांनी बुधीला विचारलं. पायथ्याच्या गावात जयवंता नावाच्या बाईची पिठाची गिरण होती. तिला फोन आला की ती गिरण थांबवून बांधावर जाई आणि हाक घाली. वरून ओ येईपर्यंत हलत नसे.

जयवंताचा नंबर भरला. तरी तांबडं. आता नातं राहिलं होतं, आणि यादीत चारच नाती होती: पती, वडील, मुलगा, भाऊ.

"भाऊ टाका," जितेश हसला. "गिरण चालवते म्हणजे भाऊच."

"आणि फोनवर बाई बोलली की दवाखाना चुकीचा नंबर म्हणून ठेवून देईल."

पुण्याच्या कचेरीनं फोनवर सांगितलं, यादी बदलायला तीन आठवडे लागतील, तोवर जवळचं काहीतरी निवडा. दीड वाजला होता. बुधी बाहेर उन्हात उभी होती. पौर्णिमाताईंनी खणातून वीज गेल्यावर हातानं गेटपास फाडायचं छापील पुस्तक काढलं आणि बुधीचा पास लिहिला.

"वीज हाय की ताई."

"हाय ना. म्हणून कारणाच्या जागी लिहिलंय, यादीत शेजारीण नाही."

"चौकशी तुमच्यावर येईल."

"सही माझीच हाय. येऊ दे."

दोनला पाच कमी असताना बुधी आत गेली. चौकशी आली, पौर्णिमाताईंना लेखी समज मिळाली. त्यांनी तीही वहीत उतरवली आणि खाली कारण लिहिलं. यादीत 'इतर' आलं ते पाचव्या आठवड्यात. मग पौर्णिमाताई त्या एकशेचाळीस जणांना एकेक करून बोलावू लागल्या. तुझ्या घरी हाक कोण पोचवतं? निलेशचा नंबर खोडत गेल्या.

मार्चमध्ये कंपनीनं पौर्णिमाताईंचा करार वाढवला नाही. तोवर एकशेबावीस फॉर्म झाले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी खुर्ची आणि वही त्यांच्या जागी आलेल्या श्रद्धाला दिली, उरलेल्या अठरा नावांवर खूण केली आणि डबा पिशवीत टाकला.

"पेन संपत आलंय गं," दारातून त्या म्हणाल्या. "उद्या येताना तांबडंच आण."