नऊ भोकांची पाटी

मिस्त्रींचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. वखारवाल्यानं फळी मोजून दिली तरी ते वखारीच्या दारातच ती पुन्हा मोजत. हाताखालच्या सुतारानं भोक पाडलं की खिशातला व्हर्नियर काढून माप घेत, आणि केसभर फरक निघाला तरी त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगत. स्वतःच्या कामाला मात्र त्यांनी उभ्या जन्मात व्हर्नियर लावला नव्हता. तीस वर्षं दारं-खिडक्या केलेल्या माणसानं स्वतःला काय तपासायचं?

बावन्नाव्या वर्षी उजव्या हाताला मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. बोटांवर सतत हातमोजा चढवल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगितलं. मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवरचं आवरण खराब होतं म्हणाले. मिस्त्रींना आजाराचाच संशय आला. ना ताप, ना खोकला, आणि नाव एवढं लांबलचक!

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात हाताची परीक्षा होई. थेरपिस्टबाई टेबलावर नऊ भोकांची एक पाटी ठेवत, शेजारी वाटीत नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक काढून वाटीत परत टाकायची. बाई स्टॉपवॉच लावून किती वेळ लागला ते लिहीत, आणि मिस्त्री वाकून बघत. उजव्या हाताला पहिल्यांदा सव्वीस सेकंद लागले, मग एकोणतीस. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आणखी वाढले तर या गोळ्या भागवत नाहीत असं समजू. औषध बदलू, आणि करवतीच्या यंत्रावर बसणं बंद.

यंत्र बंद म्हणजे मिस्त्री घरी. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. बाई घड्याळ आधीच दाबत असणार. नाहीतर भोकं मुद्दाम घट्ट ठेवली असणार. आपली बायको बाईंशी बाहेर पाच मिनिटं काय बोलत होती? ती तर पहिल्यापासून त्या यंत्राच्या मुळावर उठलेली. घरातलं ड्रिल मशीनसुद्धा तिनं कुठं दडवलं होतं, त्याचा पत्ता लागू देत नव्हती.

मिस्त्रीही काही कमी नव्हते. बाईंची पाठ वळताच त्यांनी एका खुंटीचं माप घेतलं. घरी पलंगाखालून हातानं फिरवायचा जुना ड्रिल ओढून काढला, उरलेल्या फळीला त्याच मापाची नऊ भोकं पाडली, खुंट्या कापल्या, आणि बायकोच्या हातात मोबाइलचं घड्याळ देऊन बसले. चोवीस सेकंद. पुन्हा केलं, तेवीस!

“बघितलंस?” ते म्हणाले. ती मोबाइल ठेवून स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या परीक्षेत तेहतीस सेकंद लागले. मिस्त्रींनी शांतपणे पिशवीतून स्वतःची पाटी काढली.

“तुमची भोकं घट्ट आहेत, बाई. हिच्यावर वेळ लावा.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वेळ लावली, आणि त्यांच्याच घड्याळात चोवीस आले. आता मिस्त्रींना जोर चढला. चोरी पकडायला त्यांनी व्हर्नियर काढला आणि दवाखान्याच्या पाटीचं एकेक भोक मोजलं. नऊच्या नऊ सारखी. खुंटी सहज जावी इतपत मोकळी, त्याहून कमी नाही की जास्त नाही.

“तुमचीही बघा ना,” बाई सहज म्हणाल्या.

पहिलं भोक जरासं मोठं निघालं. चौथं अंड्यासारखं लांबट. नवव्यापर्यंत हात इतका हेलकावला होता की त्यात खुंटी तिरकी उभी राहत होती. असलं भोक पाडणाऱ्याला मिस्त्रींनी अर्धा दिवससुद्धा ठेवून घेतलं नसतं. दोन्ही पाट्यांकडे ते बघत राहिले. मग मागं उभ्या बायकोकडे वळले.

“तुला दिसलं होतं?”

“ऐकू येत होतं. खुंट्या खुळखुळत होत्या.”

मिस्त्रींना ते ऐकू आलं नव्हतं. बोटांना काही लागत नव्हतं, आणि डोळे-कान सगळे तिच्या अंगठ्यावर होते, ती घड्याळ वेळेवर दाबते की नाही ते बघायला.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला खरं वाटलं असतं?”

मिस्त्रींना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

“तेहतीस लिहा, बाई,” ते म्हणाले. “आणि डॉक्टरांना सांगा, यंत्रावर नाही बसत मी.”

बाई लिहू लागल्या. मिस्त्रींनी व्हर्नियर मिटला आणि बायकोच्या हातात दिला. तीस वर्षांत त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नव्हता.