पाच खिळ्यांचा ठसा

जिन, भुतं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी नालबंद आहे, घोड्यांना नाल ठोकणारा. लोखंड, खिळा, हातोडी... एवढ्यावरच माझा भरवसा. तरी गेल्या हिवाळ्यात तेलगावजवळ भरदिवसा जे झालं, त्याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

आधी घोड्याबद्दल सांगतो. मनसबदार. अस्सल थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्याच जातीचा, पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या रेस मारलेला, मानाची डर्बीसुद्धा. मी तेव्हा रेसकोर्सवर नाल ठोकायच्या कामाला होतो आणि धाकटा भाऊ सलीम जॉकी. मनसबदारच्या शेवटच्या रेसमध्ये सलीम शबनम नावाच्या घोडीवर होता. शेवटच्या वळणावर दोन्ही जनावरं अंगाला अंग लावून पळत होती आणि शबनम कोसळली. पाय मोडला, तिला तिथेच इंजेक्शन देऊन संपवावं लागलं. सलीमचा गुडघा कायमचा गेला. मनसबदार जिंकला खरा... पण नंतर तो रेस सुटते त्या स्टार्टिंग गेटमध्ये शिरायलाच तयार होईना. तेलगावच्या एका बागायतदाराने, अण्णांनी, त्याला हौसेने आणला आणि सांभाळायला सलीमलाच ठेवलं. मीही बीडला परतलो.

रेसच्या घोड्याला एरवी लोखंडी नाल असतात. रेसच्या आधी ते काढून अॅल्युमिनियमच्या हलक्या प्लेटा ठोकतात. अण्णांना मनसबदारचा पळतानाचा व्हिडिओ काढायचा होता आणि तो "एकदम ओरिजिनल" हवा होता, म्हणून मला बोलावलं.

"भाई, प्लेटा नका ठोकू," सलीम म्हणाला. "त्याला वाटंल आज रेस हाय."

"घोड्याला कॅलेंडर कळतं का बे?" मी हसलो आणि ठोकल्या.

चौथी प्लेट बसली तसा मनसबदार घामाने निथळायला लागला. सकाळचे दहा, कडाक्याची थंडी! "एक फेरी मारून शांत करतो," म्हणत सलीम वर बसला. ऊस निघालेल्या रानात अण्णांनी माती दाबून, पाणी मारून ट्रॅक केला होता. सलीमने लगाम धरायच्या आत घोडा सुटला.

नुसत्या टापा ऐकून कुठला नाल ढिला आहे ते मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. पलीकडच्या वळणावरून येणाऱ्या टापा एका घोड्याच्या नव्हत्या. सोबत दुसऱ्या होत्या, आणि त्यांत खण्ण... खण्ण... पुढचा उजवा ढिला.

अण्णाही दचकले. "दुसरं घोडं कुणाचं रं?"

अख्ख्या रानात दुसरं घोडं नव्हतं. सलीम आता पडला तर परत उठायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. मी धावत सुटलो.

वळणावर मनसबदार गचकन थांबला. सलीमला खाली उतरवलं, तर चेहरा पांढराफटक.

"भाई, ती बाजूनं पळत हुती. तिचा श्वास माझ्या गुडघ्याला लागला... गरम हुता."

अण्णा त्याला पाणी पाजत होते तेव्हा मी माती बघितली. ठशांच्या दोन ओळी, शेजारी-शेजारी. दुसरी ओळ तिथेच संपली होती, पुढे कोरी माती. शेवटचा ठसा पुढच्या उजव्या खुराचा. मी ठोकतो त्या प्लेटेला सहा खिळे लागतात. या ठशात पाच डोकी उमटली होती, सहावी जागा रिकामी.

शबनमच्या त्या रेसआधी तिच्या पुढच्या उजव्या प्लेटेचा सहावा खिळा ठोकताना वाकला होता. घाई होती, पाचावर भागेल म्हणून मी तसाच सोडला. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

तो ठसा मी चपलेने पुसून टाकला.

प्लेटा त्याच दुपारी काढल्या. अण्णा म्हणतात, आवाज घुमला असेल. मग ठशांचं काय? सलीम मात्र अजून विचारतो, "भाई, ती कशापायी आली असंल?" आणि मी हातोडी उचलून कामाला लागतो. असल्या भुताखेतांच्या गोष्टी तो मोबाइलवर रोज वाचतो, म्हणून इथे लिहिलं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, सलीम. तो सहावा खिळा मी मारला नव्हता.